तळटीप लिहिण्याआधी

तळटीप म्हणजे लेखकाने वाचकाला दिलेला पत्ता. वर लिहिलेले वाचकाला पटले नाही, किंवा पटले म्हणून त्या विषयात आणखी शिरावेसे वाटले, तर त्याने त्या पत्त्यावर जावे आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, एवढ्यासाठीच ती असते. पत्ता चुकला तर वाचक रिकाम्या हाताने परत येतो, आणि लेखातल्या बाकीच्या मजकुराकडेही त्यानंतर संशयानेच पाहतो. विद्यापीठातल्या प्राध्यापकाला निदान पदाचा आधार असतो. माझ्यासारख्या, कोणत्याही संस्थेत नोकरीला नसलेल्या आणि वाणिज्य शाखेच्या पदवीनंतर स्वतःच वाचत-शिकत या क्षेत्रात आलेल्या बाईला तोही नाही. माझ्या लेखावर विश्वास का ठेवावा, या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर आहे : खाली दिलेले पत्ते तपासून पाहा.

गेली काही वर्षे मी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आणि विसाव्याच्या आरंभीच्या मराठी नियतकालिकांतले स्त्रियांचे लेखन शोधते आहे. या कामासाठी संदर्भ सांभाळणारा संगणक-प्रोग्रॅम वापरते. त्याविषयी बोलणे निघाले की दोन टोकांच्या प्रतिक्रिया येतात. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, "आमचे सगळे वह्यांत आहे, ते यंत्र कशाला?" तरुण विद्यार्थी म्हणतात, "त्यात काय, एक बटण दाबले की नोंद तयार होते." दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण मराठी संदर्भांच्या बाबतीत दोघांचेही म्हणणे अपुरे पडते. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेख.

वही, कार्ड आणि प्रोग्रॅम

नोंदी ठेवण्याची कला आपल्याकडे नवी नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळात छापलेल्या मराठी पुस्तकांची 'मराठी ग्रंथसूची' तयार केली आणि १९४३ साली प्रसिद्ध केली. १९३८ ते १९५० या वर्षांचा पुढचा भाग १९६१ साली आला. संगणक नसताना, एकेक पुस्तक गाठून त्याचे नाव, कर्ता, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठे टिपत झालेले हे काम आजही मराठीच्या अभ्यासकाला उघडावेच लागते. दात्यांच्या नोंदीत जे घटक आहेत, तेच आजच्या प्रोग्रॅमच्या रकान्यांत आहेत. फरक आहे तो नोंद पुढे कशी वापरली जाते यात.

वहीतली नोंद एकाच जागी असते. तीच प्रबंधाच्या चार प्रकरणांत वापरायची तर चार वेळा लिहावी लागते आणि प्रत्येक वेळी एखादा आकडा इकडचा तिकडे होण्याची शक्यता असते. प्रोग्रॅममध्ये नोंद एकदाच भरायची. लिहिताना तिच्याकडे बोट दाखवायचे. तळटीप आणि शेवटची संदर्भसूची प्रोग्रॅम तयार करतो. एका नियतकालिकाला शिकागो पद्धत हवी आणि दुसऱ्याला एपीए, तर मांडणी बदलते, नोंद तशीच राहते.

असे प्रोग्रॅम पुष्कळ आहेत. गणिती आणि संगणकशास्त्रज्ञ १९८५ पासून बिबटेक वापरत आले आहेत. एन्डनोट, मेंडली यांची नावे विद्यापीठांत ऐकू येतात. मी झोटेरो वापरते. तो २००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासाच्या अभ्यासकांनी सुरू केला. तो मोफत आहे आणि त्याचा मूळ संकेत सर्वांना खुला आहे. त्याचे नाव एका अल्बेनियन क्रियापदावरून घेतलेले आहे. एखादी गोष्ट मिळवणे, तिच्यावर प्रभुत्व मिळवणे असा त्याचा अर्थ. पुढे जे सांगते आहे त्यातले बहुतेक अन्य प्रोग्रॅमनाही लागू पडते.

नोंद भरण्याचे चार मार्ग

पहिला मार्ग ब्राउझरचा. प्रोग्रॅमची एक छोटी जोडणी ब्राउझरमध्ये बसवता येते. ग्रंथालयाच्या सूचीचे किंवा एखाद्या लेखाचे पान उघडले की वरच्या पट्टीत पुस्तकाचे किंवा कागदाचे चिन्ह दिसते. ते दाबले की त्या पानावरची माहिती रकान्यांत येऊन बसते.

दुसरा मार्ग क्रमांकाचा. पुस्तकाच्या पाठीवर आयएसबीएन असतो, संशोधनपत्रिकांतल्या लेखांना डीओआय असतो. जादूच्या कांडीचे चित्र असलेल्या बटणावर जाऊन तो क्रमांक लिहिला की प्रोग्रॅम जगभरच्या सूचींत विचारणा करून नोंद आणून देतो. आयएसबीएनचा शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून ठरतो, त्यामुळे लिहिताना एखादा आकडा चुकला तर ते यंत्राच्या लक्षात येते.

तिसरा मार्ग फाइलचा. पीडीएफ प्रोग्रॅमच्या खिडकीत ओढून टाकली की तिच्या मजकुरावरून तो लेख ओळखायचा प्रयत्न करतो. ग्रंथालयाच्या सूचीतून एकदम शंभर नोंदींची फाइल उतरवून तीही आत घेता येते. अशा देवाणघेवाणीसाठी आरआयएस हा प्रकार सर्वत्र चालतो.

चौथा मार्ग हाताचा. रिकामी नोंद उघडायची आणि एकेक रकाना आपण भरायचा.

इंग्रजीत आणि विज्ञानात काम करणाऱ्यांचे पहिल्या तीन मार्गांवर भागते. मराठीच्या जुन्या साहित्याचे तसे नाही. आयएसबीएन हे आंतरराष्ट्रीय मानक झाले १९७० साली, आणि मराठी प्रकाशनव्यवहारात तो रुजायला त्यानंतरही वेळ लागला. डीओआयचा वापर २००० सालानंतरचा. म्हणजे १८९० सालच्या मासिकाला दोन्ही क्रमांक नाहीत, आणि १९६० सालच्या कथासंग्रहालाही नाहीत. जुन्या पुस्तकाची पीडीएफ मिळाली तरी ती बहुधा पानांची छायाचित्रे असतात. त्यात यंत्राला वाचता येईल असा मजकूरच नसतो. राहिला ब्राउझरचा मार्ग. तिथे जे पानावर असेल तेच आत येते. स्कॅन केलेल्या पुस्तकांच्या एका मोठ्या संग्रहातून मी नोंदी घेऊन पाहिल्या. ग्रंथनाम रोमन लिपीत आणि तेही ऐकीव उच्चाराने लिहिलेले, लेखकाच्या जागी संपादक, वर्षाच्या जागी दुसऱ्या आवृत्तीचे साल किंवा नुसतेच शून्य. बटण दाबले होते एका क्षणात. नोंद दुरुस्त करायला पाव तास लागला.

यावरून बटण दाबूच नये असे मी म्हणत नाही. आलेली नोंद हा कच्चा खर्डा समजावा आणि पुस्तकाचे मुखपृष्ठ नव्हे, तर आतले शीर्षकपान शेजारी ठेवून प्रत्येक रकाना तपासावा. मुखपृष्ठ चित्रकाराचे असते, शीर्षकपान प्रकाशकाचे. नावाचे नेमके रूप, आवृत्ती, मुद्रणालय आणि वर्ष शीर्षकपानावर व त्याच्या पाठीमागे सापडते.

नावाचे दोन रकाने

प्रोग्रॅम लेखकाच्या नावासाठी दोन रकाने देतो : आडनाव आणि पहिले नाव. ही रचना ज्या समाजांतून आली तिथे ती बरोबर असेल. मराठीत ती पहिल्याच पायरीवर अडखळते.

१८३६ साली मराठीचे व्याकरण छापणारे दादोबा पांडुरंग पाहा. त्यांचे आडनाव तर्खडकर; पांडुरंग हे वडिलांचे नाव. 'यमुनापर्यटन' लिहिणारे बाबा पदमनजी यांच्याही नावात पदमनजी हे वडिलांचेच नाव. यंत्राच्या हिशेबाने शेवटचा शब्द तो आडनाव. म्हणून सूचीत दादोबा 'प'मध्ये जातात, आणि ज्याने 'तर्खडकर' म्हणून नोंद केली त्याच्या सूचीत 'त'मध्ये. संतांचा प्रश्न आणखी सोपा आणि आणखी अवघड : तुकारामाला आडनावाच्या रकान्यात घालायचे की नावाच्या? यासाठी दोन रकान्यांऐवजी एकच रकाना घेण्याची सोय प्रोग्रॅममध्ये आहे. नावाच्या शेजारचे छोटे चिन्ह दाबले की दोन्ही रकाने एक होतात. संतांसाठी, संस्थांसाठी आणि एकशब्दी टोपणनावांसाठी तीच वापरावी.

टोपणनावांत तर आपली भाषा श्रीमंत आहे. गडकऱ्यांची नाटके राम गणेश गडकरी या नावाने, कविता गोविंदाग्रज या नावाने आणि विनोदी लेख बाळकराम या नावाने. खानोलकरांच्या कविता आरती प्रभू या नावाने, कादंबऱ्या आणि नाटके चिं. त्र्यं. खानोलकर या नावाने. या बाबतीत मी पाळते तो नियम असा : लेखकाच्या रकान्यात शीर्षकपानावर छापलेले नाव, जसेच्या तसे. खरे नाव नोंदीला जोडलेल्या टिपणात, आणि त्याच खऱ्या नावाची एक खूणचिठ्ठी, म्हणजे टॅग. त्यामुळे 'गडकरी' या चिठ्ठीवर बोट ठेवले की तिन्ही नावांचे लेखन एकत्र दिसते, आणि तळटिपेत मात्र वाचकाला पुस्तकावर जे नाव दिसेल तेच राहते.

स्त्रियांच्या लेखनात हा प्रश्न टोपणनावापुरता राहत नाही. लग्नाने नाव बदलते, आडनाव बदलते. 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने आले. या लेखिका म्हणजे माहेरच्या बाळूताई खरे आणि लग्नानंतरच्या मालतीबाई बेडेकर. यंत्राला या तीन वेगळ्या बायका वाटतात. जुन्या मासिकांत तर 'सौ.' आणि पतीचे आडनाव एवढेच, किंवा 'एक भगिनी' एवढेच छापलेले असते. अशा वेळी तर्काने नाव भरण्याचा मोह होतो. तो टाळावा. छापलेले आहे ते रकान्यात, आपला तर्क टिपणात, आणि तर्काचा आधारही तिथेच. 'एक भगिनी'च्या जागी आपण कोणाचे नाव घातले आणि ती नोंद दुसऱ्याला दिली, की आपला तर्क त्याच्या हातात पुरावा होऊन जातो.

आद्याक्षरांचेही एक ठरवून टाकावे. एका नोंदीत 'वि. का. राजवाडे' आणि दुसरीत 'विश्वनाथ काशिनाथ राजवाडे' असे लिहिले तर प्रोग्रॅमला दोन राजवाडे दिसतात, आणि काही पद्धतींत तो त्यांना वेगळे दाखवण्यासाठी तळटिपेत नावापुढे अक्षरे जोडू लागतो.

शके, सन आणि आवृत्ती

मराठी पुस्तकांच्या वर्षाची गंमत वेगळीच. जुन्या शीर्षकपानावर शके असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळते, हे शाळेतले गणित अर्धेच खरे आहे. शक बदलतो चैत्रात, सन बदलते जानेवारीत. त्यामुळे पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतच्या मजकुराला ७८ नव्हे, ७९ मिळवावे लागतात.

हा एक वर्षाचा फरक किती महाग पडतो त्याचे माझ्या अभ्यासातले उदाहरण देते. एका मासिकातला एका लेखिकेचा लेख आणि त्याच विषयावरचा एका नामांकित गृहस्थांचा लेख, यांत आधी कोणता, असा प्रश्न होता. गृहस्थांचा लेख डिसेंबर १८९५चा. लेखिकेच्या लेखाचे साल तीन पुस्तकांत १८९५ असे दिलेले होते, म्हणून ती त्यांच्या आधी बोलली असे तिन्हीकडे मांडलेले. माझ्या विषयाला हे फार सोयीचे होते. मूळ अंकाच्या पानावर मात्र 'माघ शके १८१७' असे आहे. तो माघ येतो १८९६च्या आरंभी. म्हणजे तिने वाद सुरू केला नव्हता. झालेल्या वादाला उत्तर दिले होते. तिच्या लेखाचे मोल यामुळे कमी झाले असे मला वाटत नाही, उलट त्या उत्तराचा धीटपणा आता जास्त जाणवतो. पण तो वाचायचा कसा, हे बदलले. तीन पुस्तके एकमेकांवर विसंबली होती आणि मूळ अंकाकडे तिघांपैकी कोणी परत गेलेले दिसत नव्हते.

म्हणून मी तारखेच्या रकान्यात इसवी सन घालते, तेही इंग्रजी आकड्यांत, कारण क्रम लावण्यासाठी प्रोग्रॅम वर्ष त्याच आकड्यांवरून ओळखतो. छापलेली मूळ मिती, महिना आणि शक यांसह, टिपणात जशीच्या तशी उतरवते. रूपांतर माझे आहे, छापील मिती मूळची आहे. दोन्ही शेजारी असल्या की चूक कोणालाही पकडता येते.

दुसरा घोटाळा आवृत्तीचा. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ साली छापले गेले. आपल्यापैकी बहुतेकांनी ते वाचले ते स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा उजेडात आणल्यानंतर. मी नव्या आवृत्तीतले पान उद्धृत केले तर नोंदीतले वर्ष १९७५ असले पाहिजे, कारण पृष्ठांक त्या आवृत्तीचा आहे. पण मग मजकुरात 'शिंदे १९७५' असे छापले जाते, आणि फुल्यांच्या हयातीत लिहिणारी बाई आणीबाणीच्या वर्षात येऊन बसते. यावर उपाय आहे. नोंदीच्या तळाशी 'एक्स्ट्रा' नावाचा रकाना असतो. तिथे ठरलेल्या इंग्रजी शब्दांनी मूळ प्रकाशनाची तारीख लिहिता येते, आणि ज्या मांडणी-पद्धतींत तशी सोय आहे त्या दोन्ही वर्षे छापतात. जिथे ती सोय नाही तिथे मी मजकुरातच मूळ वर्ष सांगते. 'पुनर्मुद्रण' आणि 'आवृत्ती' यांतला फरकही नोंदवावा. पुनर्मुद्रणात पाने सहसा तीच राहतात, नव्या आवृत्तीत मजकूरही बदललेला असू शकतो.

वर्षाबद्दल शंका आली तर एक जुना साक्षीदार उपयोगी पडतो. १८६७च्या कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद सरकारकडे होऊ लागली आणि मुंबई इलाख्याच्या त्रैमासिक याद्या निघू लागल्या. पुस्तकाचे नाव, मुद्रक, पृष्ठे, छापलेल्या प्रती, किंमत असे सारे त्यांत असते. शीर्षकपान फाटलेल्या पुस्तकाचे वय कधीकधी त्या यादीतून कळते.

मासिके आणि दिवाळी अंक

नियतकालिकातल्या लेखासाठी नोंदीचा प्रकार आधी नीट निवडावा. संशोधनपत्रिका, मासिक आणि वृत्तपत्र असे वेगळे प्रकार असतात, आणि त्यांवरून पुढचे रकाने ठरतात. मराठी मासिकावर 'वर्ष १५, अंक ४' असे असते. यातले 'वर्ष' म्हणजे मासिकाचे वय. ते खंडाच्या रकान्यात जाते, तारखेच्या नव्हे. हे सांगायला साधे वाटते, पण घाईत भरलेल्या सूच्यांत या दोहोंची अदलाबदल मी वारंवार पाहिली आहे.

दिवाळी अंकांचे तर स्वतंत्र शास्त्र व्हावे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली काढलेला अंक हा पहिला दिवाळी अंक मानला जातो. तेव्हापासून निघालेल्या अंकांत कथा-कवितांइतकेच गंभीर लेखनही दडले आहे, आणि त्यातले पुष्कळसे पुढे पुस्तकात आलेच नाही. आपण आत्ता हातात धरलेल्या अंकासारख्या अंकाची नोंद करताना अंकाच्या रकान्यात 'दिवाळी' असे लिहावे, तारखेत साल, आणि जोडअंक असेल तर दोन्ही महिने. काही मासिकांची पाने वर्षभर सलग चालतात, काहींची प्रत्येक अंकात एकपासून सुरू होतात. जाहिरातींच्या पानांना क्रमांक नसतो. पृष्ठांक लेखाच्या पहिल्या आणि शेवटच्या पानावरून प्रत्यक्ष पाहून घ्यावा. अनुक्रमणिकेवर विसंबू नये.

अक्षर तेच, संकेत वेगळे

भरलेली नोंद पुन्हा सापडली नाही तर ती नसल्यासारखीच. मराठीत असे होते, आणि त्याचे कारण डोळ्यांना दिसत नाही.

'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा 'र' दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात नुक्त्याच्या 'ऱ'चा संकेत असतो. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन निराळे शब्द आहेत. एक शोधला तर दुसरा मिळेलच असे नाही. 'ॲ' या अक्षराचेही असेच. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर नोंदीत चिकटवला तर नुसत्या खुणांचा कचरा दिसतो. तो आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो. वर्णक्रमही वेगळा. शाळेच्या वर्णमालेत 'क्ष' आणि 'ज्ञ' शेवटी येतात. संगणक 'क्ष'ला 'क'मध्ये आणि 'ज्ञ'ला 'ज'मध्ये लावतो. हस्तलिखित छपाईला देण्याआधी सूचीचा क्रम एकदा हाताने पाहावा हे उत्तम.

लेखनाच्या नियमांचीही भर आहे. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ सालापासूनचे. त्याआधीच्या शीर्षकांवर अनुस्वारांची दाटी असते. ग्रंथनाम शीर्षकपानावर आहे तसेच, अनुस्वारांसह, लिहावे. आजच्या लेखनातले रूप 'लघुशीर्षक' या रकान्यात द्यावे. म्हणजे मूळ रूप टिकते आणि शोधणाऱ्याला आजचे रूप सापडते. नोंदीच्या भाषेचा रकानाही रिकामा ठेवू नये.

पाहिले की ऐकले

आतापर्यंतचे सगळे हातोटीचे आहे. पुढचा मुद्दा सचोटीचा.

आपण एखाद्या ग्रंथात दुसऱ्या ग्रंथातले अवतरण वाचतो. ते उपयोगी असते. मूळ ग्रंथ मिळत नाही. मग तळटिपेत मूळ ग्रंथाचेच नाव देऊन टाकायचे, ही सवय फार जुनी आहे. प्रोग्रॅमने ती अधिक सोपी केली आहे, कारण न पाहिलेल्या पुस्तकाची नोंदही एका बटणात, सर्व रकाने भरून, अगदी पाहिल्यासारखी तयार होते. म्हणून माझ्या प्रत्येक नोंदीवर तीनपैकी एक चिठ्ठी असते : 'पाहिले', 'स्कॅन पाहिले' किंवा 'उद्धृतावरून'. 'पाहिले' असेल तर कोणत्या ग्रंथालयात आणि कोणत्या दिवशी तेही टिपणात असते. तिसऱ्या चिठ्ठीची नोंद तळटिपेत जाताना ज्या पुस्तकातून घेतली त्याचे नाव सोबत घेऊनच जाते.

हा सोवळेपणा अनाठायी वाटत असेल तर एक प्रसिद्ध प्रकरण सांगते. एका मोठ्या विज्ञान-प्रकाशनाच्या लेखकांसाठीच्या सूचनांत, संदर्भ कसा लिहावा हे दाखवण्यासाठी, शास्त्रीय लेख कसा लिहावा या विषयावरच्या एका लेखाचा नमुना दिला होता. असा लेख अस्तित्वात नव्हता, ती पत्रिकाही नव्हती. तरीही तो लेख जवळपास चारशे शोधनिबंधांत संदर्भ म्हणून आला. ॲन-विल हार्झिंग या संशोधिकेने २०१७ साली त्याची हकीकत लिहिली. नमुना पुसायचा राहिला, सूचीत तसाच गेला, आणि लेखक, परीक्षक, संपादक यांपैकी कोणीच त्या पत्त्यावर जाऊन पाहिले नाही.

आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रोग्रॅम विचारताच संदर्भ देतात. त्यातले काही खरे असतात, काही अस्सल वाटणारे पण कधीच न छापलेले. इंग्रजीत अशा खोट्या संदर्भाला पकडणाऱ्या सूची निदान आहेत. मराठीतल्या १९२० सालच्या मासिकाचा खोटा संदर्भ कोण पकडणार? ज्या भाषेतल्या नोंदी कमी, त्या भाषेत खोटी नोंद जास्त दिवस टिकते. तिला आव्हान देणारी खरी नोंद कुठेच नसते.

नोंदी कोणासाठी?

हाताने नोंद भरणे म्हणूनच मला कमीपणाचे काम वाटत नाही. जुन्या मराठी मासिकातल्या लेखाची नोंद मी भरते तेव्हा अनेकदा ती त्या लेखाची संगणकावरची पहिलीच नोंद असते. वाचनालये बंद होत आहेत, घरोघरचे संग्रह रद्दीत जात आहेत. अंकाची शेवटची प्रत उद्या नसेलही. पण तो अंक होता, त्यात अमुक पानांवर अमुक बाईंचा लेख होता, आणि तो अमुक दिवशी एका वाचनालयात एकीने पाहिला होता, एवढे तरी राहील.

त्यासाठी नोंदी एकट्याच्या संगणकात अडकून पडता कामा नयेत. झोटेरोच्या सर्व्हरवर नोंदींची प्रत विनामूल्य ठेवता येते. जोडलेल्या फाइलींसाठी मात्र ३०० एमबीच मोफत मिळतात, तेव्हा स्कॅन वेगळ्या डिस्कवर ठेवावेत. दर तीन महिन्यांनी मी सगळ्या नोंदी एका फाइलीत उतरवून दोघा विश्वासू मित्रमंडळींना देते. त्यांच्यापैकी कोणाचा प्रोग्रॅम वेगळा असला तरी आरआयएस फाइल त्यात उघडते. एखाद्या अभ्यासकाच्या पश्चात त्याच्या वह्यांचे गाठोडे कोणाला वाचता येत नाही, माळ्यावर पडून राहते आणि एक दिवस जाते. ही फाइल दुसऱ्याच्या टेबलावर त्याच दिवशी कामाला लागू शकते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी एवढेच सांगेन : जुन्या सगळ्या वह्या एकदम संगणकात घालायला बसू नका, कंटाळून सोडून द्याल. सध्या लिहीत आहात त्या लेखापुरते वीस संदर्भ घ्या. पुस्तक समोर ठेवून, शीर्षकपान पाहून, नाव, वर्ष, आवृत्ती, पृष्ठे भरा, आणि प्रत्येकावर प्रामाणिक चिठ्ठी लावा. विसांपैकी किती नोंदींवर 'पाहिले' असे लिहिता येते, ते मोजा. उरलेल्या नोंदींची यादी एका कागदावर उतरवा आणि तो कागद घेऊन ग्रंथालयात जा.